लिनक्सवर ऑल-इन-वन प्रिंटर घेताय? आधी स्कॅन करून बघा

उबंटू, मिंट किंवा डेबियन वापरणारे ग्राहक दुकानात आले की पहिलं विचारतात, "याचा ड्रायव्हर मिळतो का?" आमचं सांगणं असं, की वेगळा ड्रायव्हर लागतच नाही असाच प्रिंटर घ्या. खोक्यावर 'एअरप्रिंट' किंवा 'आयपीपी एव्हरीव्हेअर' लिहिलंय का ते बघा. एअरप्रिंट २०१० साली आयफोन-आयपॅडसाठी आलं, पण लिनक्समधली छपाई सांभाळणारं 'कप्स' त्या प्रिंटरशी थेट बोलतं. घरात आयफोन नसला तरी ती खूण आपल्या कामाची आहे.

छपाई आता सहसा अडत नाही. खरी मेख स्कॅनरमध्ये असते.

उद्यमनगरातल्या एका फौंड्रीच्या ऑफिसात आम्ही मशीन बसवलं. चलनं झरझर निघाली, आम्ही चहा घेऊन परत आलो. संध्याकाळी फोन आला, "स्कॅनर दिसतच नाही हो." कंपनीचा स्कॅन ड्रायव्हर जुन्या ३२-बिट लायब्ररीवर अडला होता. दोन दिवस खटपट केली आणि शेवटी मशीन बदलून दिलं. देण्याआधी एक पान स्कॅन करून बघायला हवं होतं. ती चूक आमची. तेव्हापासून स्कॅन करून दाखवल्याशिवाय आम्ही बिल करत नाही.

म्हणून माहितीपत्रकात 'ई-एससीएल' (eSCL) हा शब्द शोधा, म्हणजे वेगळ्या ड्रायव्हरशिवाय स्कॅन करायची पद्धत. तो असला तर डेबियन ११ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत 'सेन-एअरस्कॅन' या प्रोग्रॅममुळे स्कॅनर आपोआप दिसतो. वायफाय नको, केबलच बरी वाटत असेल तर 'आयपीपी-यूएसबी' चालणारं, म्हणजे यूएसबी केबलवरही वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालणारं मॉडेल घ्या.

जुनं किंवा सेकंडहँड मशीन घेताना जास्त जपा. एचपीचं लिनक्ससाठीचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर 'एचपीलिप' चांगलं आहे, पण काही लेसरजेटना वेगळं प्लगिन लागतं. एचपीलिप अपडेट झालं की प्लगिनही त्याच आवृत्तीचं घालावं लागतं, नाहीतर काल चालणारा प्रिंटर आज गप्प बसतो. ब्रदर स्वतःचे लिनक्स ड्रायव्हर देतं, पण ते साध्या इंटेल-एएमडी कॉम्प्युटरसाठी. रास्पबेरी पाय हा वेगळ्या, एआरएम चिपवरचा छोटा कॉम्प्युटर वापरणाऱ्यांनी त्यावर विसंबू नये. कॅननचा एलबीपी २९०० विंडोजवर दणकट आहे. लिनक्सवर मात्र त्याचं 'कॅप्ट' हे कॅननचं स्वतःचं छपाईचं तंत्र डोकेदुखी ठरतं, स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

वकील मंडळींसाठी एक गोष्ट. बहुतेक मशीनची काच ए-फोर मापाची असते, तिच्यावर लीगल कागद मावत नाही. वरून कागद ओढणारा एडीएफ लीगल घेतो का, ते आधी विचारा.

महिन्याला पाच-दहाच पानं निघत असतील तर लेसर घ्या. इंकटँक बरेच दिवस बंद राहिला की हेडमध्ये शाई वाळते. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि एडीएफ दोन-दोन पानं एकदम ओढतो. रिम उघडी ठेवू नका.

वायफायवर प्रिंटर सापडत नसेल तर लॅपटॉप आणि प्रिंटर एकाच नेटवर्कवर आहेत का ते बघा. राउटरचं गेस्ट नेटवर्क दोघांना एकमेकांपासून तोडतं. फायरवॉल असेल तर ५३५३ हा यूडीपी पोर्ट मोकळा ठेवा, लॅपटॉप प्रिंटरला त्यावरूनच शोधतो.

येताना तुमचा लॅपटॉप, त्याचा चार्जर आणि रोजच्या कामातली दहा-बारा पानं घेऊन या. तुमच्याच लिनक्सवर दोन्ही बाजू छापून आणि एडीएफमधून स्कॅन करून बघू, मगच मशीन गाडीत ठेवू.