ट्रामच्या आधी अलिबागला गेलेलं लोहचुंबक

मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली धावू लागली. त्याच्या तीन वर्षं आधी, १९०४ मध्ये, कुलाब्याच्या वेधशाळेने आपलं चुंबकमापनाचं काम अलिबागला हलवायला घेतलं होतं. या दोन घटनांचा एकमेकींशी काय संबंध, हे नीट समजून घेतलं तर चुंबकीय क्षेत्र म्हणजे काय, हेही बरंचसं उलगडतं.

शाळेत कागदावर लोखंडाचा कीस पसरून खाली लोहचुंबक धरला की रेषा उमटतात. त्या रेषा जिथे विरळ होत जातात तिथे क्षेत्र क्षीण होतं, पण एकदम संपत नाही. पृथ्वीही असाच एक मोठा चुंबक आहे, असं इंग्लंडच्या विल्यम गिल्बर्टने १६०० साली मांडलं. होकायंत्राची सुई उत्तर-दक्षिण राहते ती त्यामुळेच. मात्र पृथ्वीचं हे क्षेत्र फार दुबळं आहे. नॅनोटेस्ला या चुंबकीय क्षेत्राच्या एककात सांगायचं तर मुंबई परिसरात ते साधारण ४० हजारांच्या घरात असतं, तर फ्रिजला चिकटवायच्या साध्या चुंबकाचं, त्याच्या अगदी पृष्ठभागाशी, शंभरपट भरतं. दिवसभरात सूर्याच्या प्रभावामुळे पृथ्वीच्या क्षेत्रात जो चढउतार होतो, तो अवघा दोन आकडी नॅनोटेस्लांचा असतो. वेधशाळेला टिपायचा असतो तो नेमका हा चढउतार.

तो टिपायची रीत जर्मनीतल्या गॉटिंगेनला गणितज्ञ गाउसने १८३० च्या दशकात बसवून दिली. चुंबकपट्टी धाग्याला आडवी टांगायची आणि हलकेच झुलवायची. क्षेत्र जोरदार असेल तर ती भरभर झुलते, दुबळं असेल तर सावकाश. पण झोक्याचा वेग पट्टीच्या स्वतःच्या ताकदीवरही अवलंबून असतो. म्हणून तीच पट्टी दुसऱ्या एका सुईजवळ ठेवून ती सुई किती अंशांनी वळते तेही मोजायचं. दोन्ही मोजमापांतून पट्टीची ताकद गणिताने बाजूला काढली की हातात उरतं ते पृथ्वीचं क्षेत्र. मला ही युक्ती आजही विलक्षण वाटते. ज्या चुंबकाने मोजायचं त्याची ताकद आधी ठाऊक नसली तरी चालतं.

या कामाचं जाळं जगभर विणावं म्हणून ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी सरकारकडे आणि ईस्ट इंडिया कंपनीकडे आग्रह धरला. कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये उभी राहिली होती. तिथे १८४१ पासून चुंबकाचे वेध सुरू झाले, तेव्हा ते काम एल्फिन्स्टनमधले प्राध्यापक ऑर्लेबार पाहत होते. फोटोच्या कागदावर आपोआप नोंद करणारी यंत्रं तिथे आली १८७२ मध्ये. तोवर माणसं दर तासाला दुर्बिणीतून मोजपट्टी बघून आकडा लिहीत. सुई अस्वस्थ झाली की दर पंधरा मिनिटांनी, कधी त्याहूनही लवकर.

या चिकाटीचं मोल कळतं ते २ सप्टेंबर १८५९ च्या नोंदींवरून. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ कॅरिंग्टनने सूर्यावर लखलखाट पाहिला होता. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत कुलाब्याला क्षेत्राचा आडवा घटक, म्हणजे जमिनीला समांतर असलेला भाग, सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आला, म्हणजे एकूण आडव्या क्षेत्राच्या चार टक्क्यांहून जास्त. ब्रिटनमधल्या वेधशाळांत फोटोच्या यंत्रांवरची रेघ कागदाबाहेर गेली. मुंबईत मात्र माणूस डोळ्यांनी वाचत बसला होता, म्हणून आकडा हाती राहिला. २००३ साली भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी मिळून या नोंदी पुन्हा अभ्यासल्या. आजही सूर्यामुळे पृथ्वीच्या क्षेत्रात उठलेल्या त्या चुंबकीय वादळाची तीव्रता सांगताना कुलाब्याचा दाखला दिला जातो.

आता ट्राम. घोड्यांची ट्राम कुलाब्याहून १८७४ पासूनच धावत होती, तिने काही बिघडलं नव्हतं. वीज आली की मात्र गोष्ट पालटते, कारण वाहत्या विजेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. हे डेन्मार्कच्या ऑर्स्टेडने १८२० मध्ये तारेजवळची सुई वळताना पाहून जगाला दाखवलं होतं. एका लांब सरळ तारेतून शंभर अँपिअर प्रवाह वाहत असेल तर एक किलोमीटरवरही २० नॅनोटेस्लांचं क्षेत्र जाणवतं. ट्रामला वरच्या तारेतून वीज मिळते; तिचा परतीचा सगळा प्रवाह जवळच्याच रुळांतून गेला असता तर दोन्हींचा परिणाम बराचसा परस्पर फिटला असता. पण रुळांतून थोडी वीज जमिनीत झिरपते आणि मनाला येईल त्या वाटेने परतते. ट्राम सुटली, थांबली, चढावर लागली, की दर वेळी हा आकडा हलणार. दिवसभराचा नैसर्गिक चढउतारच दोन आकडी, त्यात हा गोंधळ मिसळला की सूर्य कुठला आणि ट्राम कुठली, हे वेगळं करता येत नाही. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेवरही विजेच्या ट्रामपायी हीच पाळी आली आणि तिचं चुंबकाचं काम स्कॉटलंडमध्ये एस्कडेलम्यूरला गेलं.

कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी खाडीपलीकडचं अलिबाग निवडलं. तिथल्या इमारतीसाठी पोरबंदरचा दगड आणला. आपल्याकडच्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट या लोहयुक्त चुंबकीय खनिजाचे कण असतात, त्याच्या भिंतींनीच सुई बहकली असती.

मला मूस यांचं सर्वांत मोठं काम याच्या पुढचं वाटतं. नवी जागा मिळाली म्हणून त्यांनी जुनी लगेच बंद केली नाही. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी ठेवल्या. दोन जागांच्या आकड्यांतला फरक कळला आणि कुलाब्याची मालिका अलिबागच्या मालिकेला जोडता आली. मग १८४६ ते १९०५ चे कुलाब्याचे आकडे त्यांनी तपासून, मांडून १९१० मध्ये दोन खंडांत छापले. अलिबागची वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि तिची मोजमापं जगभरच्या चुंबकीय वेधशाळांच्या जाळ्यात रोज जातात.