क्रिस्टल लेकच्या मुलांनी पाहिलेला सिनेमा

सिनेमा पाहून माणसाची मतं बदलतात का, यावर वाद घालणारे पुष्कळ. रूथ पीटरसन आणि एल. एल. थर्स्टन यांनी ते मोजून पाहिलं. थर्स्टन शिकागो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. एखाद्या समाजाबद्दलची विधानं गोळा करायची, आपुलकीपासून उघड द्वेषापर्यंत त्यांना क्रमाने गुण द्यायचे, आणि कोणाला कोणती विधानं पटतात त्यावरून त्याचा कल ठरवायचा, ही त्यांची पद्धत.

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या क्रिस्टल लेक या गावी चारशेहून अधिक शाळकरी मुलांना ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ दाखवला गेला. डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा हा १९१५चा मूकपट, आता त्याला आवाज जोडलेला. त्यात तोंडाला काळा रंग फासलेले गोरे नट कृष्णवर्णीयांना गोऱ्या स्त्रियांमागे लागलेले पशू म्हणून रंगवतात आणि कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी हिंसा करणारी संघटना तारणहार ठरते. चित्रपटानंतर मुलांचा कृष्णवर्णीयांविषयीचा कल स्पष्टपणे प्रतिकूल झाला. पाच महिन्यांनी पुन्हा मोजलं, तेव्हाही निम्म्याहून जास्त परिणाम टिकून होता.

क्रिस्टल लेकमध्ये कृष्णवर्णीय जवळपास नव्हतेच, आणि मला हीच बाब सर्वांत महत्त्वाची वाटते. ना शेजारी, ना वर्गमित्र, ना दुकानदार. पडद्यावरचं खोटं खोडून काढील असा एकही खरा माणूस त्या मुलांच्या ओळखीचा नव्हता.

मत बदलणं वेगळं आणि हात उगारणं वेगळं, असं कोणी म्हणेल. अर्थशास्त्रज्ञ डेस्मंड अँग यांनी हा चित्रपट १९१५पासून गावोगाव फिरला त्या पाच वर्षांच्या नोंदी तपासल्या. तो एखाद्या काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, पोहोचला की त्या सुमारास जमावाने केलेल्या हत्या आणि वांशिक दंगली एकदम वाढलेल्या दिसतात. पण जिथे द्वेष आधीच होता तिथेच तो दाखवला गेला असेल तर? म्हणून क्लॅनचा पाठिंबा तपासताना त्यांनी आधार घेतला तो चित्रपट येण्याआधीच उभ्या असलेल्या नाट्यगृहांचा. नाट्यगृह असलं की चित्रपट तिथे जाण्याची शक्यता वाढे. या कसोटीवरही चित्रपटामुळे १९२०च्या दशकात क्लॅनचा स्थानिक पाठिंबा वाढल्याचं दिसलं.

पुढच्या हॉलिवूडने इतकं उघड विष क्वचितच दाखवलं. तिथे कृष्णवर्णीयांच्या वाट्याला होती मोलकरीण, भुताला घाबरणारा नोकर, हसतमुख हमाल. हे निरुपद्रवी वाटतं, पण पीटरसन आणि थर्स्टन यांचाच दुसरा प्रयोग वेगळं सांगतो. तुरुंग आणि गुन्हेगार या विषयावरच्या एकेका चित्रपटाने मुलांचा कल फारसा हलला नाही. दोन-तीन चित्रपट लागोपाठ दाखवल्यावर परिणामांची बेरीज झाली. मोलकरणीची भूमिका तर दोन-तीनदा नव्हे, वर्षानुवर्षं दाखवली गेली. कृष्णवर्णीय अभिनेत्री हॅटी मॅकडॅनियल यांनी ती कितीतरी वेळा केली. त्यांना १९४०मध्ये ऑस्कर मिळालं तेही अशाच भूमिकेसाठी, आणि त्या समारंभात त्यांना सहकलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवलं होतं.

पीटरसन आणि थर्स्टन यांच्या याच संशोधनात इलिनॉयमधल्याच जीनिव्हा नावाच्या गावातल्या मुलांनी चिनी माणसाला सहानुभूतीने दाखवणारा ‘सन ऑफ द गॉड्स’ पाहिला आणि त्यांचा चिनी लोकांविषयीचा कल अधिक अनुकूल झाला. म्हणजे तोच पडदा उलट दिशेनेही काम करत होता, आणि हे १९३३मध्ये छापून आलं होतं. स्टुडिओंनी कृष्णवर्णीयांना माणूस म्हणून दाखवावं, ही मागणी घेऊन एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेचे वॉल्टर व्हाइट १९४२मध्येही हॉलिवूडचे दरवाजे ठोठावत होते.