उभ्या रेल्वेगाडीचे डिझेल इंजिन बंद का करत नसत? : पार्श्वभूमी

गाडी तासभर सायडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी आणि इंजिन धडधडतेच आहे, म्हणून लोको पायलटांना (इंजिनचालकांना) बोल लावणारे बरेच. दोष त्यांच्या सवयीपेक्षा इंजिन सुरू करण्याच्या पद्धतीत जास्त होता.

वाफेचा काळ सोडून देऊ. २६०० अश्वशक्तीची डब्ल्यूडीएम-२ इंजिने १९६२ मध्ये अमेरिकेहून आली आणि जानेवारी १९६४ पासून वाराणसीत बनू लागली. त्यांत स्टार्टरची वेगळी मोटार नव्हती. एरवी चाकांच्या मोटारींना वीज पुरवणाऱ्या मुख्य जनरेटरलाच बॅटरीची वीज द्यायची, म्हणजे तोच मोटारीसारखा फिरून सोळा सिलिंडरांचा क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, ओढायचा. आधी इंधन पंप लावून डिझेलचा दाब बघायचा, मग स्टार्टचे बटण दाबायचे आणि वंगण तेलाचा दाब चढेपर्यंत धरून ठेवायचे. लवकर सोडले की पुन्हा पहिल्यापासून, आणि प्रत्येक खेपेला बॅटरी उतरत जाणार.

बॅटरी बसली तर जीपसारखा धक्का मारून भागत नाही. इथे चाके आणि क्रँकशाफ्ट यांना जोडणाऱ्या फक्त तारा! त्यात ब्रेकसाठी हवा आणि व्हॅक्यूम सांभाळणारा एक्स्प्रेसर इंजिनच्याच शाफ्टवर. इंजिन थांबले की तोही थांबला. पुढे अख्ख्या गाडीचे ब्रेक नव्याने तयार करण्यात वेळ गेला. डिझेल वाचवा, असे वरून सांगितले जाई. पण सेक्शनमध्ये, म्हणजे दोन स्थानकांच्या मधे, इंजिन सुरू झाले नाही, तर जाब लोको पायलटलाच. मग कोण बंद करणार?

१९९० च्या दशकातल्या ३१०० अश्वशक्तीच्या इंजिनांत मुख्य जनरेटर जाऊन अल्टरनेटर (प्रत्यावर्ती वीज बनवणारे यंत्र) आला, आणि इंजिन फिरवून सुरू करण्याचे काम ऑक्झिलरी जनरेटर व एक्सायटर या छोट्या जनरेटरांकडे गेले. १९९९ च्या डब्ल्यूडीजी-४ मध्ये दोन स्वतंत्र स्टार्टर मोटारी मिळाल्या. बॅटरीची धास्ती मात्र राहिलीच.

खरा तोडगा निघाला २०१० च्या दशकात. सुमारे २५ अश्वशक्तीचे एक छोटे डिझेल इंजिन सोबत बसवले, ते बॅटरी आणि हवेचा दाब राखते आणि मोठे इंजिन आपोआप बंद होते. ताशी २५ लिटरऐवजी ३ लिटर डिझेल. इतकी साधी गोष्ट पाच दशके का रखडली, हे अनाकलनीय आहे. आणि ती येईतो विद्युतीकरणाने वेग घेतला होता. रोहा ते ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा कोकणातला डिझेलमार्गही २०२२ मध्ये तारेखाली आला.