ऑनलाइन व्यापाराची पायाभूत तंत्रे

ऑनलाइन व्यापाराची पायाभूत तंत्रे : इंटरनेटवरून मागणी घेणे, रक्कम स्वीकारणे व माल रवाना करणे यांमागची संगणकीय तंत्रे आणि त्यांचे शिक्षण. दुकानाचे दर्शनी पान, सर्व्हर (पाने पुरवणारा दुकानाचा संगणक), डेटाबेस (माल व मागण्यांच्या नोंदींचा संग्रह), कूटबद्धीकरण (मजकूर त्रयस्थाला वाचता येणार नाही असा करणे), भरणा आणि पाठवणी हे त्याचे मुख्य घटक होत. या नोंदीतील उदाहरणे सोलापूरच्या चादर-टॉवेल धंद्यातून घेतली आहेत. सोलापुरी चादर व टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे. एकाच नक्षीचे ६ रंग आणि ३ मापे धरली तरी मालाच्या १८ स्वतंत्र नोंदी होतात, त्यामुळे साठ्याचा हिशेब शिकवण्यास हा माल फार सोयीचा पडतो.

उगम : पहिला ऑनलाइन व्यवहार कोणता, याबद्दल एकमत नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वसुरी जाळ्यावर दोन अमेरिकी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी गांजाचा सौदा ठरवला असे सांगतात. ही हकिकत बरीचशी ऐकीव आहे आणि त्यात रक्कम तारेवरून गेलेली नव्हती. इंग्लंडमध्ये मायकेल ऑल्ड्रिच यांनी १९७९ मध्ये घरगुती दूरचित्रवाणी संच टेलिफोनच्या तारेने व्यवहार-संगणकाला जोडला. १९८४ मध्ये गेट्सहेड येथील जेन स्नोबॉल या वृद्ध महिलेने अशाच जोडणीवरून किराणा मागवला, मात्र पैसे माल घरी आल्यावर रोख दिले. काही लेखक ११ ऑगस्ट १९९४ हा दिवस धरतात. त्या दिवशी नेटमार्केट या अमेरिकी दुकानातून कार्डाचा तपशील कूटबद्ध करून एक संगीत सीडी विकली गेली. त्याच्या थोडे आधीच आपण अशी विक्री केली होती, असा दावा इतरांनीही केला आहे. मागणी तारेवरून जाणे एवढीच कसोटी लावल्यास ऑल्ड्रिच यांचा मान मोठा ठरतो. खुले जाळे आणि सुरक्षित भरणा या दोन्ही गोष्टी आवश्यक मानल्यास १९९४ हे वर्ष अधिक सयुक्तिक वाटते. शिकणाऱ्याला उपयोगी पडणारी कसोटी दुसरी आहे, कारण आजच्या दुकानाची घडण तिच्यावर उभी आहे.

इंटरनेटवरील सुरक्षित भरणा ज्यावर उभा आहे, त्या सार्वजनिक किल्लीच्या कूटबद्धीकरणाचा उगमही असाच दुहेरी आहे. मजकूर बंद करण्याची किल्ली सर्वांना उघड द्यावी आणि उघडण्याची किल्ली गुप्त ठेवावी, ही कल्पना डिफी व हेलमन या अमेरिकी संशोधकांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. ब्रिटिश गुप्तवार्ता विभागातील गणितज्ञ त्याआधीच तिथवर पोचले होते, हे १९९७ मध्ये उघड झाले. ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीने १९९५ मध्ये एसएसएल ही ब्राउझर व सर्व्हर यांच्यामधील मजकूर कूटबद्ध करण्याची पद्धत आणली, तिची जागा पुढे टीएलएसने घेतली. टीएलएसची १.३ ही आवृत्ती २०१८ ची. काही ब्राउझरमध्ये दिसणारे कुलपाचे चिन्ह ब्राउझर व सर्व्हर यांमधली वाट सुरक्षित असल्याचे दाखवते. पलीकडचा दुकानदार प्रामाणिक आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

स्मृती व टोपली : ब्राउझर ज्या पद्धतीने सर्व्हरकडे पाने मागतो ती एचटीटीपी पद्धत मुळात स्मृतिहीन आहे. सर्व्हरला प्रत्येक विनंती नव्या गिऱ्हाइकाची वाटते. त्यामुळे टोपलीत टाकलेली चादर पुढच्या पानावर टिकावी म्हणून नेटस्केपमधील प्रोग्रामर लू माँटुली यांनी १९९४ मध्ये कुकीची, म्हणजे सर्व्हरने ब्राउझरकडे ठेवायला दिलेल्या व प्रत्येक विनंतीसोबत परत येणाऱ्या छोट्या टिपणाची योजना केली. कुकीत फक्त ओळखक्रमांक ठेवावा, भाव कधीही ठेवू नये. पानातील लपवलेल्या रकान्यात भाव ठेवून तोच सर्व्हरने मान्य करणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे, कारण ब्राउझरकडून येणारी प्रत्येक किंमत गिऱ्हाइकाला बदलता येते. भाव प्रत्येक वेळी डेटाबेसमधूनच काढावा. रक्कमही पूर्णांकात, म्हणजे पैशांत ठेवावी. ४९९ रुपये म्हणजे ४९९०० पैसे. दशांश अपूर्णांक संगणकाच्या द्विमान (० व १ या दोनच अंकांच्या) पद्धतीत बहुधा नेमके बसत नाहीत आणि महिनाअखेरीस हिशेबात काही पैशांचा फरक निघतो.

शेवटचा नग दोघांनी एकाच क्षणी मागितला, तर ‘साठा वाचा, मग एक वजा करा’ अशा दोन पायऱ्यांत तो दोघांनाही विकला जातो. ‘साठा शून्याहून अधिक असेल तरच एक वजा करा’ ही एकच आज्ञा डेटाबेसला द्यावी आणि किती ओळी (नोंदी) बदलल्या ते पाहावे. शून्य ओळी बदलल्या असतील तर माल संपला आहे.

भरणा : शिक्षणात सर्वाधिक वेळ इथे द्यावा. युपीआय २०१६ मध्ये सुरू झाल्यापासून छोट्या दुकानाचा भरणा सोपा झाला, पण गिऱ्हाइकाने दाखवलेला स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. ‘पैसे भरले’ हे पान ब्राउझरमध्ये उघडणे हाही पुरावा नव्हे. पेमेंट गेटवे, म्हणजे गिऱ्हाइकाकडून रक्कम घेऊन दुकानाच्या खात्यात पोचवणारी मध्यस्थ सेवा, दुकानाच्या सर्व्हरला स्वतंत्रपणे जो निरोप धाडतो, त्याला वेबहुक म्हणतात. त्यावरील संगणकीय सही गुप्त किल्लीने पडताळूनच मागणी पक्की करावी. हा निरोप दोनदा येऊ शकतो, उशिरा येऊ शकतो, क्वचित उलट क्रमानेही येतो. म्हणून व्यवहार क्रमांक आधी नोंदलेला असेल तर काहीही न करता नुसती पोच द्यावी. ही काळजी न घेतल्यास एका भरण्यावर दोन चादरी रवाना होतात. गिऱ्हाइकाच्या खात्यातून रक्कम गेली पण निरोप आला नाही, अशी मागणी ‘रद्द’ न करता ‘प्रलंबित’ ठेवावी आणि गेटवेकडे स्थिती विचारावी.

बँकेत जमा होणारी रक्कम विक्रीइतकी नसते. गेटवेचे शुल्क २ टक्के धरल्यास ४९९ रुपयांवर ९.९८ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १.८० रुपये, म्हणजे हाती ४८७.२२ रुपये येतात. रोजच्या ताळमेळासाठी व्यवहार क्रमांक एक्सेलमध्ये घेताना तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करावा. नाहीतर युपीआयचा १२ अंकी क्रमांक घातांकाच्या रूपात दिसतो आणि तसाच जतन झाला तर शेवटचे अंक जातात.

मजकूर व चित्रे : श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत टाइप केलेली मालाची यादी पानावर रोमन अक्षरांचा गोंधळ म्हणून उमटते. ती आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांना ठराविक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत आणावी लागते. युनिकोड साठवण्याच्या युटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह (काना-मात्राही स्वतंत्र धरून) ३ बाइट, म्हणजे संगणकातील साठवणीची ३ एकके घेते, म्हणजे ‘चादर’ या शब्दाला १२ बाइट लागतात. लांबीची मर्यादा अक्षरांत आहे की बाइटमध्ये, हे तपासावे. शोधासाठी ‘सोलापूर’ व ‘शोलापूर’, ‘टॉवेल’ व ‘टॉवल’ ही रूपे जोडून ठेवावीत. ट्यूबलाइटखाली काढलेल्या छायाचित्रात मरून रंग लाल दिसतो आणि माल परत येतो. दिवसाच्या सावलीत, शेजारी पांढरा कागद ठेवून छायाचित्र घेतल्यास रंग सुधारता येतो.

पाठवणी : कुरिअर कंपन्या वजन आणि आकारमान यांतील मोठ्या आकड्यावर दर लावतात. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५००० ने भागतात. ४० × ३० × १२ सेंटिमीटरच्या खोक्याचे वजन २.८८ किलो धरले जाते, आतली चादर दीड किलोची असली तरी. घट्ट घडी आणि पिशवीतील बांधणी इथे पैसे वाचवते.

पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली. ‘४१३ ने सुरू होणारा पत्ता सोलापूर जिल्ह्यातला’ असा नियम प्रोग्राममध्ये लिहू नये. पंढरपूर ४१३३०४ व बार्शी ४१३४०१ जिल्ह्यात आहेत, पण बारामती ४१३१०२, धाराशिव ४१३५०१ आणि लातूर ४१३५१२ हेही याच तीन अंकांनी सुरू होतात. स्थानिक दर लावायचा असेल तर पूर्ण ६ अंकांची यादी ठेवावी.