बस-सायकल अपघात: चूक सायकलस्वाराच्या माथी मारली गेली, तर भरपाईचा अर्ज कसा टिकवायचा

बसखाली सायकलस्वार सापडला की पोलीस ठाण्यात सर्वांत आधी पोचतो तो बहुधा बसचा चालक किंवा वाहक. घरची माणसं तेव्हा दवाखान्यात रक्ताची सोय करत असतात. म्हणून एफआयआरमध्ये पहिली हकीकत बसवाल्यांची उतरते: ‘सायकलवाला अचानक आडवा आला’, ‘डावीकडून घुसला, घसरला आणि मागच्या चाकाखाली गेला’. तो दगावला असेल तर कधीकधी गुन्हाही त्याच्याच नावावर लागतो आणि आरोपी मयत म्हणून अबेट समरी (तपास बंद करण्याचा अहवाल) होऊन फाईल बंद होते. मग कुणीतरी जाणकार सांगतो, आता भरपाई विसरा. हे साफ चूक आहे.

एफआयआर म्हणजे निकाल नव्हे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण (जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं) पुराव्याचा कल कुठे झुकतो ते बघतं, फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा मागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली बिमला देवी यांच्या प्रकरणात हेच सांगितलं, आणि तिथेही समोर हिमाचलची सरकारी बसच होती. चालक फौजदारीतून सुटला तरी दावा चालतो. मात्र गुन्हा सायकलस्वारावर लागला असेल तर गप्प बसू नका. नातेवाइकांचा आणि प्रत्यक्षदर्शींचा लेखी जबाब ठाण्यात द्या, पोच घ्या. ठाण्यात घेत नसतील तर तोच जबाब पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्तांकडे टपालाने पाठवा. दखल घेतली गेली नाही तर पुढची पायरी दंडाधिकाऱ्यांची. ही पोच पुढे दाव्यात फार उपयोगी पडते.

अर्ज कोण करू शकतो? जखमी स्वतः, किंवा मयताचे कायदेशीर वारस. अपघात झाला तिथे, अर्जदार राहतो किंवा व्यवसाय करतो तिथे, किंवा प्रतिवादी असेल तिथे, यांपैकी कुठेही. साताऱ्याच्या माणसाला मुंबईत बसने उडवलं म्हणून मुंबईला खेपा घालायची गरज नाही.

आता मुदत. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ च्या दाव्याला (समोरच्याची चूक दाखवून मागायची भरपाई) सहा महिन्यांची मुदत आहे आणि ती अपघाताच्या तारखेपासून धावते. आरोपपत्राच्या तारखेपासून नाही, डिस्चार्जपासून नाही, तीन महिने अतिदक्षता विभागात राहून माणूस गेला तर मृत्यूच्या तारखेपासूनही नाही. सर्वाधिक घोळ इथेच होतो. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान आहे. तिथला निर्णय होईपर्यंत केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला आहे. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर राहू नका. कागद अपुरे असले तरी पाचव्या महिन्यात अर्ज आत गेला पाहिजे, उरलेले कागद मागून जोडता येतात.

पोलिसांनी ४८ तासांत प्रथम अपघात अहवाल आणि ९० दिवसांत तपशीलवार अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो. तो अहवालच अर्ज म्हणून धरता येतो, म्हणून काही घरं निवांत राहतात. अहवालात बसवाल्यांचीच हकीकत असेल तर तुमच्या दाव्याची सुरुवातच वाकडी होते. स्वतःचा अर्ज द्याच.

चूक कोणाची, हे ठरवणारे कागद मोजकेच. घटनास्थळ पंचनामा पहिला. रस्त्याची रुंदी, ब्रेकच्या खुणा कुठून कुठपर्यंत, सायकल आणि रक्त रस्त्याच्या कडेपासून किती फुटांवर, हे त्यात असायला हवं. नुसतं ‘रस्ता सरळ, रहदारी सुरळीत’ एवढंच असेल तर त्याच दिवशी मोबाईलवर काढलेले फोटो जोडा. दुसरा पुरावा खुद्द सायकल. मागचं चाक चेपलेलं असेल तर धडक मागून बसली, आणि ‘आडवा आला’ ही गोष्ट तिथेच लुळी पडते. पुढचं चाक आणि डावं हँडल वाकलेलं असेल, बसच्या डाव्या अंगावर ओरखडे असतील, तर बस वळताना किंवा थांब्यावर घेताना तिने सायकलला कडेला दाबलं का, हा प्रश्न उभा राहतो. म्हणून ठाण्यातून सुटलेली सायकल भंगारात देऊ नका, दुरुस्तही करू नका. सायकलची पावती कुणाकडेच नसते, तिच्यावाचून दावा अडत नाही. तिसरा कागद मोटार वाहन निरीक्षकाचा बस तपासणी अहवाल. चौथा सीसीटीव्ही. चित्रीकरण काही दिवसांतच पुसलं जातं, म्हणून पहिल्याच आठवड्यात आगारप्रमुख आणि तपास अधिकारी दोघांना ते जपून ठेवण्याचं लेखी पत्र द्या. नुसता पेन ड्राईव्ह चालत नाही, सोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

‘हेल्मेट नव्हतं’ हा आक्षेप हमखास येतो. कलम १२९ मधली हेल्मेटची सक्ती मोटारसायकलसाठी आहे, साध्या सायकलला नाही. लायसन्स आणि विम्याचंही तसंच. विजेच्या सायकलीचं मात्र बघून घ्या: मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल तरच ती मोटार वाहनात धरली जात नाही. उलट २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांत सायकलस्वार आणि पादचाऱ्यांची विशेष काळजी घेण्याची जबाबदारी चालकावर टाकलेली आहे. हे अर्जात लिहा.

प्रतिवादी कोणाला करायचं हे चुकलं की वर्षं वाया जातात. एसटीसारख्या परिवहन उपक्रमांना विम्यातून सूट मिळू शकते. तशा गाडीला विमा कंपनी नसते, महामंडळच पैसे देतं. पण बेस्ट, पीएमपी आणि एसटीच्या ताफ्यात भाडेतत्त्वावरच्या गाड्याही आहेत. तिथे चालक, गाडीमालक, विमा कंपनी आणि उपक्रम, सगळ्यांना पक्षकार करा. आरसीवर मालक कोण, ते आधी वाचा. बस आणि डंपर दोघांच्या चुकीत सायकलस्वार सापडला असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या खेन्येई निकालानुसार पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाकडूनही वसूल करता येते. सायकलस्वाराचीही चूक ठरली तर तेवढी टक्केवारी वजा होते: १० लाख मंजूर, ३० टक्के चूक, हाती ७ लाख. दावा शून्य होत नाही. ही टक्केवारी सिद्ध करणं बसवाल्यांचं काम आहे, आणि चालक साक्षीला उभाच राहिला नाही तर तुमच्या वकिलांनी त्यावर जोर द्यावा.

उत्पन्नाचा दाखला दूधवाल्या, पेपरवाल्या, गवंड्याकडे कुठून असणार? डेअरीच्या पावत्या, पासबुक, ई-श्रम (असंघटित कामगारांची सरकारी) नोंद द्या. मालकाचं पगारपत्र दिलं तर मालक साक्षीला आला पाहिजे, एरवी तो कागद पडून राहतो. बाकी आधार, वयाचा पुरावा, शवविच्छेदन अहवाल, मूळ बिलं आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र नेहमीचं.

चूक सिद्ध न करता कलम १६४ खाली मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. बसचा पत्ताच लागला नाही तर हिट-अँड-रन योजनेत २ लाख आणि ५० हजार. पण १६४ ची रक्कम तडजोडीत स्वीकारली की १६६ चा दावा संपतो. कमावता तरुण गेला असेल तर १६६ मध्ये रक्कम कितीतरी पट होऊ शकते, म्हणून दवाखान्यात पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. निकाल पटला नाही तर उच्च न्यायालयात अपील ९० दिवसांत.