दात्याच्या मूळपेशी रक्ताच्या कर्करोगाशी कशा लढतात?

कोल्हापुरात एखाद्या घरी रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले आणि डॉक्टरांनी बोन मॅरो प्रत्यारोपणाचा विषय काढला, की नातेवाईक आधी रक्तगट विचारतात. तालीम मंडळांच्या रक्तदान शिबिरांना सरावलेल्या शहरात हे स्वाभाविक असले, तरी येथे रक्तगट दुय्यम ठरतो. ओ गटाच्या भावाच्या मूळपेशी, म्हणजे हाडांतल्या मज्जेत (बोन मॅरो) रक्त तयार करणाऱ्या पेशी, बी गटाच्या बहिणीला देता येतात आणि काही महिन्यांत बहिणीचा रक्तगटच ओ होतो. जुळावी लागतात ती पेशींच्या पृष्ठभागावरील एचएलए प्रथिने, ज्यांवरून प्रतिकारशक्ती आपले आणि परके ओळखते. त्यांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर असतात आणि आईवडिलांकडून एकेक संच मिळत असल्याने सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची प्रथा जेथे आहे, तेथे भावंडांपलीकडच्या नात्यातही पूर्ण जुळणारा दाता सापडण्याची शक्यता थोडी वाढते. अर्थात, ही त्या प्रथेची शिफारस नव्हे.

खराब मज्जा काढून चांगली घालायची, अशी या उपचाराची सर्वसाधारण समजूत आहे, पण ती अर्धीच खरी आहे. तीव्र केमोथेरपीने, कधी किरणोत्साराचीही जोड देऊन, रुग्णाची मज्जा निष्प्रभ केली जाते, तरी काही कर्करोगपेशी तग धरून राहू शकतात. एकसारख्या जुळ्या भावंडाच्या पेशी दिलेल्या रुग्णांत शरीराचा विरोध जवळजवळ नसतो, मात्र आजार उलटण्याचे प्रमाण अधिक आढळते. याचे कारण असे, की उरलेल्या कर्करोगपेशींना परके समजून मारण्याचे काम दात्याच्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, करतात आणि जुळ्याच्या टी-पेशींना तेथे परके काही दिसतच नाही. दात्याकडून खरे तर नवी प्रतिकारशक्तीच घेतली जाते.

तीच प्रतिकारशक्ती रुग्णाची त्वचा, आतडी आणि यकृत यांवरही उलटू शकते. अमेरिकेत 1957 साली ई. डोनाल थॉमस यांनी या उपचाराचे पहिले अनुभव प्रसिद्ध केले, त्यांना 1990 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, आणि भारतात 1983 साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी प्रत्यारोपण यशस्वी केले. तरी हा पेच सुटला नव्हता. त्यावरचा एक उपाय मला विलक्षण वाटतो. प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे जुने, स्वस्त औषध देतात. रुग्णाच्या शरीराविरुद्ध चवताळलेल्या टी-पेशी तेव्हा झपाट्याने विभागत असल्याने त्याला बळी पडतात, तर मूळपेशींकडे ते औषध निकामी करणारे विकर (एन्झाइम) मुबलक असल्याने त्या वाचतात. यामुळे निम्मेच जुळणारे आई, वडील किंवा मूलही आज दाता होऊ शकतात.

दात्याचे मात्र फारसे काही बिघडत नाही. पाठीच्या कण्यातून काहीतरी काढून घेतात ही भीती निराधार आहे. बहुतेक वेळा चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन मूळपेशी रक्तात उतरवल्या जातात. त्या काळात हाडे ठणकतात. मग एका हातातून निघालेले रक्त यंत्रात फिरून दुसऱ्या हातातून परत जाते आणि चार-पाच तासांत लालसर द्रवाची एक छोटी पिशवी भरते. ही पिशवी रुग्णाला रक्तासारखीच शिरेतून चढवतात. पेशी आपणहून मज्जेत जाऊन बसतात. पैलवानानेही ताकद जाईल म्हणून बिचकण्याचे कारण नाही, कारण दिलेल्या पेशी काही आठवड्यांत भरून निघतात.

प्रत्येक रुग्णाला याची गरज नसते. मुलांमधील बहुतेक तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया केमोथेरपीनेच बरे होतात, तर दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियासाठी सहसा इमॅटिनिबसारख्या गोळ्या पुरतात. ज्यांना गरज असते, त्यांची खरी परीक्षा पिशवी चढल्यानंतर सुरू होते. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठणाऱ्या कुटुंबाला पुढचे काही महिने रुग्णालयाजवळच खोली घेऊन राहावे लागते, कारण नवी प्रतिकारशक्ती रुजेपर्यंत साधा ताप आला तरी लगेच प्रतिजैविक सुरू करावे लागते. लहानपणी घेतलेल्या लसींचे संरक्षणही बहुतांशी पुसले जाते. म्हणून धनुर्वात, पोलिओ यांच्या लसी पुन्हा पहिल्यापासून घ्याव्या लागतात, आणि गोवरासारखी जिवंत विषाणूंची लस प्रत्यारोपणानंतर सर्वसाधारणपणे दोन वर्षे उलटेपर्यंत देत नाहीत.