पिनबॉल यंत्र, जुने : घरगुती दुरुस्ती व पुनरुज्जीवन

उतरत्या लाकडी फळीवरून घरंगळणारी पोलादी गोळी फ्लिपर नावाच्या दोन पंखांनी पुन्हा वर टोलवत राहायची, असा पिनबॉलचा खेळ. यंत्रे मुख्यतः अमेरिकेतल्या शिकागो शहरात बनली. गॉटलिब (१९२७), बॅली (१९३२) आणि विल्यम्स (१९४३) या तिथल्या मोठ्या कंपन्या. गॉटलिबच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ (१९४७) या यंत्राला पहिल्यांदा फ्लिपर लागले. तेव्हापासून १९७०च्या दशकाच्या अखेरीपर्यंतची बहुतेक यंत्रे विद्युत-यांत्रिक आहेत. त्यांत चिप नाही, संगणक नाही. गुण मोजणे, चेंडूंचा हिशेब, खेळाडूची पाळी, सगळे रिले (विजेच्या चुंबकाने चालणारे स्विच), स्टेपर (एकेक घर पुढे सरकून मोजणी करणारा भाग) आणि पात्यांचे शेकडो स्विच मिळून करतात. त्यामुळे ती घरी दुरुस्त करता येतात. बंद पडलेल्या यंत्रात मोडलेले भाग थोडे असतात आणि मळलेले किंवा वाकलेले संपर्क पुष्कळ. म्हणूनच दिसेल ते पाते वाकवत सुटणे ही सर्वांत महागात पडणारी चूक ठरते. एका दोषाचे वीस दोष होतात आणि मूळ दोष कुठे होता तेही कळेनासे होते.

वीज देण्यापूर्वी : वर्षानुवर्षे पडून असलेले यंत्र आणल्याबरोबर प्लग लावून पाहू नये. आधी काच काढून प्लेफील्ड (गोळी घरंगळते ती फळी) उभे करावे आणि तळाशी पडलेले स्क्रू, नट, उंदरांची घरटी साफ करावीत. प्रत्येक फ्यूज काढून त्याचा आकडा जवळच्या लेबलाशी ताडावा. चांदीच्या कागदात गुंडाळलेला किंवा जास्त अँपिअरचा फ्यूज सापडला, तर पुढे कुठेतरी जळकी कॉइल (तारेचे वेटोळे) आहे असे धरून चालावे. कॉइलवरचा कागद तपकिरी वा काळा पडला असेल, तर एक टोक सुटे करून मल्टिमीटरने रोध मोजावा. तशाच दुसऱ्या कॉइलपेक्षा तो बराच कमी भरला तर आतले वेढे एकमेकांना चिकटले आहेत, कॉइल बदलावी. प्लगची मूळ वायर बहुधा दोन तारांची, बिनअर्थिंगची असते. ती काढून तीन तारांची घालावी आणि अर्थची तार ट्रान्सफॉर्मरच्या चौकटीला, नाण्यांच्या दाराला, पुढच्या धातूच्या पट्टीला व पायांना जोडावी, कारण खेळणाऱ्याचे हात तिथेच असतात. बॅकबॉक्स (मागचा उभा डबा) आणि पेटी यांना जोडणाऱ्या बहुपिनी प्लगांच्या पिना घासून चकचकीत कराव्यात. ज्यांचे कारण सापडत नाही असे पुष्कळ दोष तिथेच मिटतात.

संपर्क आणि स्टेपर : उघड्या स्विचमध्ये साधारण दीड मिलिमीटर फट हवी, आणि बंद होताना लांब पात्याने आखूड पात्याला किंचित पुढे ढकलायला हवे. हे घासटणे महत्त्वाचे, संपर्क त्यानेच स्वतः साफ राहतो. चांदीच्या टोकांना बारीक लवचीक घासपट्टी पुरते. कानस फक्त फ्लिपरसारख्या जास्त प्रवाहाच्या टंगस्टन टोकांवर चालवावी.

स्टेपर हाताने एकेक घर पुढे न्यावा आणि सोडावा. स्प्रिंगने तो झटक्यात मूळ जागी यायला हवा. रेंगाळला तर जुने ग्रीस घट्ट होऊन डिंकासारखे झाले आहे. चेंडू (गोळ्या) मोजणारा स्टेपर असा अडकला की दोन चेंडूंत खेळ संपतो, किंवा संपतच नाही. भाग सुटा करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, तांब्याच्या रिव्हेटी घासाव्यात, त्यांच्यावर ग्रीसचा नुसता हात फिरवावा. स्प्रिंगला दोन-तीन वळशांचा ताण बहुधा पुरतो. जास्त झाला तर कॉइलला पुढचे घर ओढवत नाही. गंज सोडवायचा फवारा यंत्रात कुठेही मारू नये. तो धूळ धरतो आणि ठिणग्यांपाशी पेटूही शकतो. कॉइलमधले दांडे कोरडेच चालतात. तिथे तेल नको, नायलॉनची नवी नळी घालावी.

सुरू करताच स्कोअर मोटर (ठरलेल्या क्रमाने स्विच चालवणारी मोटर) थांबायचे नाव न घेता फिरत राहिली, तर दोष सहसा मोटरचा नसतो. गुण दाखवणारे आकड्यांचे प्रत्येक चक्र शून्यावर आले की त्याचा शून्य-स्विच उलटतो, आणि सगळे उलटेपर्यंत मोटर पुन्हापुन्हा ठोके पाठवत राहते. म्हणून मोटरकडे न पाहता चक्रांकडे पाहावे. एखादे चक्र ७ वर अडले असेल तर त्याचा दांडा चिकट आहे किंवा स्प्रिंग सैल. सगळी शून्यावर असूनही मोटर फिरत असेल तर कुठला तरी शून्य-स्विच उलटत नाही.

फ्लिपर : फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात, एक जोरदार फटक्याची आणि दुसरी पंख धरून ठेवण्याची. फटक्याच्या शेवटी एक स्विच उघडतो आणि धरणारी गुंडाळी मालिकेत येऊन प्रवाह घटतो. हा स्विच मळला तर फ्लिपर मरगळतो. उघडलाच नाही तर बटण दाबून धरल्यावर कॉइल थोड्याच वेळात जळते. पंख पूर्ण वर असताना या स्विचची फट सुमारे ३ मिमी असावी.

दिवे, काच, प्लेफील्ड : दिवे ६.३ व्होल्टचे. ४४ क्रमांकाचा दिवा २५० मिलिअँपिअर घेतो, ४७ क्रमांकाचा १५०. चाळीस दिव्यांमागे हा फरक १० आणि ६ अँपिअरचा, म्हणून ४७च घ्यावेत. बॅकग्लासची (बॅकबॉक्सच्या पुढच्या चित्रांच्या काचेची) रंगछपाई काचेच्या आतल्या बाजूने असते आणि उष्णतेने तिचे पोपडे सुटतात. ही बाजू ओल्या फडक्याने पुसणे म्हणजे चित्र हाताने उतरवणे.

प्लेफील्डवरचे सगळे भाग काढण्याआधी भरपूर फोटो काढावेत. मळ अल्कोहोल आणि मेलामाइन स्पंजने निघतो, पण त्याबरोबर वॉर्निशचा पातळ थरही जातो, तेव्हा हात हलका ठेवावा. लाकूड उघडे पडले असेल तिथे पाण्याचा थेंबही नको. शेवटी कार्नौबा मेण. रबर रिंगा सगळ्या बदलाव्यात. पांढऱ्या रिंगा जुन्या यंत्रांना शोभतात आणि काळ्यांपेक्षा चांगल्या उसळतात. जुनी गोळी खड्डे पडलेली असल्यास टाकून नवी घ्यावी (व्यास सुमारे २७ मिमी, वजन ८० ग्रॅम). खरबरीत गोळी नवे मेण आणि रंग दोन्ही खरवडते. प्लेफील्डचा उतार साधारण साडेतीन अंश राखावा.

पेटीवरची मूळ स्टेन्सिल-रंगाची नक्षी अर्धी फिकी असली तरी ठेवावी. नवा रंग केव्हाही देता येतो, जुना परत आणता येत नाही.

भारतातील वापर : अमेरिकी यंत्र ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झवर चालते. मुंबई-पुण्यात ते चालवायचे तर किमान ५०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा स्टेप-डाउन (व्होल्ट कमी करणारा) ट्रान्सफॉर्मर लागतो. आतल्या ट्रान्सफॉर्मरला २३० व्होल्टचे टोक आहे का, ते आधी पाहावे; असल्यास वेगळ्याची गरज नाही. ५० हर्ट्झवर आतला ट्रान्सफॉर्मर थोडा जास्त तापतो आणि स्कोअर मोटर सुमारे एक-षष्ठांशाने मंद होते. खेळ बिघडत नाही, फक्त गुणांची घंटा सावकाश वाजते. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात दमटपणा संपर्कांना आणि प्लायवूडला दोन्हींना बाधतो, त्यामुळे महिनोन्महिने बंद ठेवण्यापेक्षा यंत्र अधूनमधून खेळते ठेवणे बरे.